ऊन पेटीवर यायच्या आत

पौषातल्या थंडीत तीन नंबरचा पंखा पुन्हा अडला. अडला म्हणजे थांबला नाही; थांबायचं नावच घेईना, हीच पंचाईत होती.

चांदा-मूल रस्त्यावरच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत सागवानाच्या फळ्या बंद खोलीत गरम हवेवर वाळवून पाहत. खोलीला चार पंखे. दर तीन तासांनी ते थांबवून उलटे फिरवायचे, नाहीतर फळ्या एका अंगानं वाळून तडकत. चारही पंख्यांचे स्टार्टर बाहेरच्या खोलीत एकाच लोखंडी पेटीत होते. बटण बंद केलं की चुंबकाला लागलेली पट्टी खट्कन खाली पडायची आणि पंखा थांबायचा. महिनाभरापासून रोज सकाळी कोणती ना कोणती पट्टी पडत नव्हती. आज तीन, काल एक, परवा दोन आणि चार. दहा वाजता खिडकीतून ऊन पेटीवर आलं की चारही शहाण्यासारखे चालत.

मनसाराम मिस्त्रीनं एक नंबरचा स्टार्टर तीनच्या जागी लावून पाहिला, तीनचा एकाच्या जागी. दोष जागेचा असला तर जागेवर राहील, स्टार्टरचा असला तर त्याच्यासोबत जाईल. दोष दोन्हीकडे निघाला. तारा बदलल्या, स्प्रिंगा बदलल्या. त्याला रात्रीची झोप नव्हती.

प्रयोगशाळेच्या गुणवंतराव साहेबांनी आपल्यापुरता दोष शोधला होता, तो झाडलोट करणाऱ्या झाडूभाऊत. "सकाळी पेटी कोण पुसतो? झाडू. तो पुसतो तेव्हा बिघडते, दुपारी तो नसतो तेव्हा नीट चालते. आज दहापर्यंत दुसरं कारण दाखव, नाहीतर उद्यापासून त्याला येऊ नको म्हणून सांग."

झाडूभाऊ तळ्यावर मासे धरणारा माणूस. हात कापू लागल्यापासून जाळं सुटलं होतं. आता घर या रोजीवरच होतं.

"भाऊ, खरं सांगा, पेटीत काही हालवता का?"

"मी काऊन हालवीन, मिस्त्री? फडकं मारतो अन् बंद करतो. बायकोले भेत नाई तेवढा त्या पेटीले भेतो."

उन्हाची तिरीप भिंतीवरून पेटीकडे उतरत होती. मनसारामनं एकदा तिच्याकडे पाहिलं, मेन ओढून वीज तोडली आणि तीन नंबरची लोखंडी पट्टी बोटांनी खेचली. डिंकातून सुटावी तशी ती चट् करून सुटली. चुंबकाला टेकणाऱ्या तिच्या तोंडावर तांबूस साय होती. इतके दिवस तो तिला गंज समजत होता. नखानं खरवडून नाकाशी नेली आणि ओळखीचा वास आला.

जवसाचं तेल! नमुन्याच्या फळ्यांना तो स्वतःच ते चोळायचा. जवसाचं तेल उडून जात नाही, त्याची साय धरते, थंडीत घट्ट होते आणि उन्हात सैल पडते, हे तोच सगळ्यांना सांगायचा. आणि दसऱ्याला बाकीच्यांनी पेटीच्या दारावर हळदकुंकू वाहिलं, तेव्हा यानं घरच्या जवसाच्या तेलात शेंदूर कालवून चारही पट्ट्यांना आतून बोट लावलं होतं. वर म्हणालाही होता, "बाहेरून टिळा लावून कोनता देव पावते?"

"भाऊ, हा शेंदूर तुम्हाले रोज दिसे ना?"

"दिसे न."

"मंग पुसला काऊन नाई?"

झाडूभाऊनं जीभ चावली. "देवाचा शेंदूर कोनी पुसते का? मी त्याच्या आजूबाजूनं फडकं मारो."

"अन् साहेबाले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही लावला. तुमचं नाव कसं सांगू?"

ऊन पेटीपासून वीतभरच दूर उरलं होतं. घासलेटचा बोळा फिरवला असता तर उद्यापासून पेटी नीट चालली असती. पण साहेब म्हणाले असते, झाडू गेला म्हणून चालली. कारण दाखवायचं तर शेंदूर दाखवावा लागणार होता, आणि शेंदरात मनसारामचं बोट उठलेलं होतं. त्याला नोकरीत कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता.

त्यानं मेन लावून पंखा पुन्हा सुरू केला. ऊन लागून साय सैल पडू नये म्हणून खिडकीवर ओलं पोतं टांगलं आणि धावत जाऊन साहेबांना घेऊन आला. बटण बंद केलं. पंखा फिरतच राहिला. मग मेन ओढून पट्टी सोडवली आणि साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी ती उजेडात धरली. "कोणाचा हा उद्योग?"

"माहा..." झाडूभाऊ पुढं झाला.

"भाऊ, गप राहा. साहेब, जवसाच्या तेलातला हा शेंदूर मी लावला. दसऱ्याले."

साहेबांनी त्या बोटाच्या ठशावरून नख फिरवलं. "पुस," एवढंच म्हणाले.

मनसारामनं बोळा उचलला खरा, पण हात पुढं जाईना. मागून झाडूभाऊ हळूच म्हणाला, "पहिले हात जोडा न." त्यानं हात जोडले, आणि मग चारही पट्ट्या लख्ख पुसल्या.

पेटीची खोली अजून गारच होती. त्यानं पट्टी बसवली, मेन लावून पंखे सुरू केले आणि एकेक बटण बंद केलं. खट्. खट्. खट्. खट्.

"झाडू उद्या येईल," साहेब जाता जाता म्हणाले. कागदाचं ते काही बोलले नाहीत. झाडूभाऊनं पोतं काढलं, तेव्हा ऊन नुकतं पेटीवर येत होतं.