मित्र, सोबती की विरोधक

दुपारचे चार वाजत आले होते. जर्मनीत, ओल्डनबुर्गमधल्या आपल्या स्वयंपाकघरात बसून वीब्के फोनवर एका म्हाताऱ्याला तिसऱ्यांदा तोच प्रश्न वाचून दाखवत होती. जनमत चाचणीचं हे काम ती घरूनच करायची.

"अमेरिका तुम्हाला काय वाटते? मित्र, गरजेपुरता सोबती, की विरोधक?"

"अहो बाई, एका शब्दात कसं सांगू?" ब्रेमरहाफेनचे आजोबा म्हणाले. "युद्ध संपलं तेव्हा मी पाच वर्षांचा. त्यांच्याच दुधाच्या पावडरीवर जगलो. आणि आता त्यांनीच जकात वाढवलीय. माझा मुलगा इथं बंदरात त्यांच्याकडे जाणाऱ्या गाड्या जहाजात चढवतो. हल्ली आठवड्यातले दोन दिवस घरी बसतो. माझ्या डोक्यावर बसतो म्हणा ना!"

वीब्केला हसू आलं. पण शेजारच्या खोलीत तिची दहा महिन्यांची लेक लीस्बेट उठून रडायला लागली होती. पाळण्याचा कठडा धरून ती हल्ली उभी राहायची. रडणं एकाएकी थांबलं. पडली तर नाही? वीब्के फोन कानाला धरूनच अर्धी उठली.

"म्हणजे विरोधकच ना?" तिच्या तोंडून निघून गेलं. उत्तर सुचवायचं नाही, हा या कामातला पहिला नियम.

"सगळे तसंच म्हणतायत का?" आजोबांनी विचारलं.

"बरेच जण."

"मग लिहा तसं. तुम्हाला घाई दिसतेय."

तिनं पडद्यावरच्या 'विरोधक'वर बोट दाबलं, फोन ठेवला नि धावली. लीस्बेट पायातला मोजा चोखत मजेत बसली होती.

लेकीला उचलून घेतलं तरी मन खात राहिलं. परत फोन करावा, तर मुलाखत संपली की नंबर पुसला जायचा. शेवटी तिनं कामावर देखरेख करणाऱ्या हाइकोला फोन लावून खरं काय ते सांगितलं.

"अगं, हजारात एक! कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना. ते तसं म्हणालेच नव्हते. मी वदवून घेतलं."

"एकच उत्तर नाही बदलता येत. अख्खी मुलाखत रद्द होईल. करू?"

मुलाखत ठेवली, तर आजोबांच्या तोंडी तिचा शब्द राहणार. काढली, तर त्यांचं सगळंच बोलणं जाणार.

"कर," ती कशीबशी म्हणाली.

पडद्यावरून त्यांची ओळ गेली. त्या वयोगटाच्या ठरलेल्या जागांपैकी एक रिकामी झाली म्हणून यंत्रानं लगेच नवा नंबर लावला. पलीकडून कुणा आजींचं "हॅलो" आलं, तेव्हा बसल्या माणसाखालची खुर्ची काढून ती दुसऱ्याला दिल्यासारखं तिला झालं.