उबेचा कोपरा

मित्रांनो, मी सिमेंटच्या हौदातला एक म्हातारा मासा आहे. माझा जन्म इथल्याच पत्र्याच्या शेडमध्ये झाला. भरात होतो तेव्हा पाहुणे आले की मालकीणबाई आधी मला दाखवत. "हा आमचा राजा. पिल्लांसाठी राखलाय याला," असं त्या कौतुकाने म्हणत.

आम्ही दोनशे जण होतो. हौदाच्या एका टोकाला भिंतीलगत गरम पाण्याचा पाइप होता. तिथलं पाणी कोमट असे. एरवी तिकडे फारसं कुणी फिरकत नसे.

एका हिवाळ्यात साथ आली. रोग अंगात शिरला की आमच्या पेशी इवल्या रेणूंकरवी निरोप धाडतात. कुठला निरोप लढणाऱ्या पेशींना बोलावतो, कुठला मेंदूला सांगतो, ऊब गाठ. तुम्हाला ताप आतून चढतो. आम्हाला तो बाहेरून आणावा लागतो. म्हणून आम्ही सगळे त्या कोमट टोकाला जाऊन चिकटलो.

हौदाची देखभाल मालकीणबाईंचा धाकटा भाऊ करायचा. ते पाहून त्याचा धीर सुटला. "ताई, एकावर एक चढलेत. गुदमरून मरतील अशाने!"

"थांब जरा. माशांच्या डॉक्टरीणबाई उद्या येतायत."

"उद्यापर्यंत उरणार काय?"

त्याने हौदात आडवी जाळी ठोकली आणि काठीने आम्हाला थंड बाजूला हाकललं. मी जाळीला नाक घासत राहिलो. निरोप येत होते, पण गार अंगात ते रेंगाळत पोचत. माझी पाठची बहीण माझ्या शेजारीच मरून, पोट वर करून तरंगू लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई हातातली बॅगही खाली न ठेवता म्हणाल्या, "ही जाळी आधी काढा. ते तिथे बरे व्हायला गेले होते."

भाऊ कपड्यांनिशी पाण्यात उतरला. जाळी उपसताना त्याची बोटं फाटली. "मला वाटलं, मी वाचवतोय त्यांना," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ताई मेलेले मासे टोपलीत भरत होत्या.

आम्ही नऊ जण उरलो. माझा डावा डोळा गेला. आता मला कुणी पाहुण्यांना दाखवत नाही. भाऊ रोज दाणे टाकायला येतो, तोही माझ्या आंधळ्या बाजूने.

मित्रांनो, आजारी जीव एखाद्या जागी जाऊन बसला, तर त्याला हुसकावण्याआधी थोडं थांबा, नीट बघा. तो तिथे का गेला, हे त्याला सांगता येत नाही. आम्हालाही सांगता आलं नाही.