कणीक

गोटी अडीच वर्षांची होती आणि तिला झोप लागायची ती माझ्या पोटावर. दुपारचं जेवण झालं की ती माझा कुर्ता वर सरकवायची, बेंबीखालची मऊ, जाड घडी दोन्ही मुठींत धरायची आणि मळत राहायची. "आई, कणीक दे," म्हणायची. मळता मळता मुठी सैल पडल्या की समजायचं, स्वारी झोपली.

नेमकी तीच घडी मला नको झाली होती.

मी कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या कमरा मोजायच्या, इथे टीप मारायची, तिथे उसवायचं. एकदा फिटिंग बघताना एका बाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, "कितवा महिना?"

"एकोणचाळिसावा चाललाय. पोरगी अडीच वर्षांची झाली," मी म्हटलं.

बाई ओशाळल्या. कात्रीशी बसलेले मास्तर खो खो हसले. मीही हसले आणि घरी येऊन नळ सोडून रडले.

"मला काय फरक पडतो गं?" नवरा म्हणाला.

"तुला नाहीच पडणार. आरशासमोर मला उभं राहायचं असतं."

"मग कर ऑपरेशन. पण माझ्यासाठी केलंस असं उद्या ऐकवू नकोस."

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "वजन उतरणार नाही, आकार बदलेल. बारीक छिद्रांतून नळी घालून चरबी ओढून घेऊ. सहा आठवडे रात्रंदिवस घट्ट पट्टा, आणि तोवर मुलीला उचलायचं नाही. सूज पुरती जायला तीन महिने. पोट बधिर होईल. बहुतेकींची जाणीव परत येते, एखादीचा बधिरपणा थोडा राहून जातो. विचारा, काय विचारायचंय ते."

मशीनवर कधी बसू, व्रण किती दिसतील, कुशीवर झोपता येईल का, सगळं मी विचारलं. बधिरपणाबद्दल एवढंच बोलले, "बरंय की, दुखणार तरी नाही." त्याही हसल्या.

ऑपरेशनच्या आधीच मी स्वतःसाठी एक गर्द हिरवा फ्रॉक बेतला, पोटाशी चार बोटं कमी धरून. मास्तर मागे येऊन उभे राहिले. "आत दाब ठेव. दीड इंच तरी सोड. उद्या उसवायची वेळ आली तर कापड कुठून आणशील?"

"आता उसवायचंच नाही, मास्तर," म्हणत मी शिवणीलगत कात्री चालवली. दाब न ठेवता कापड कापण्याची माझी ती पहिलीच वेळ.

त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला उभं करून पोटावर काळ्या पेनाने रेघा मारल्या. आम्ही खडूने मारतो तशाच. मी खाली वाकून म्हटलं, "डावी बाजू जरा उतरतीय बघा." त्या म्हणाल्या, "तुम्हीच कापताय की मी?"

शुद्धीवर आले तेव्हा अंगावरून रोलर फिरल्यासारखं वाटत होतं. दोन दिवस छिद्रांतून गुलाबी पाणी झिरपत राहिलं. माझी आई अंगाखालचे टॉवेल बदलत होती. पोट काळंनिळं, मग पिवळं. घरी आले तर गोटी धावतच पलंगाशी आली. "आई, कणीक!"

आईने तिला मधेच उचललं. "कणीक दुकानात गेलीय गं सोन्या. येईल हं."

गोटीने विश्वास ठेवला. रोज सकाळी पट्ट्यावर टकटक करून विचारायची, "आली?" पहिले काही दिवस माझ्याकडे बघून दोन्ही हात वर करायची, मी घेत नाही म्हणून भोकाड पसरायची. मग हात वर करायची थांबली. तिचं रडणं मला सोसवलं होतं. हे सोसवलं नाही.

सहा आठवड्यांनी पट्टा निघाला. "कणीक आली," मी सांगितलं. ती पलंगावर चढली, मुठी भरल्या. तिची बोटं रुतताना मला दिसत होती. लागत नव्हती. शेजारच्या बाईच्या पोटावर कुणी खेळावं तशी मी बघत राहिले. येईल, म्हटलं, हळूहळू येईल.

तीन महिन्यांनी फ्रॉक बसला, एक चुणी नाही. मास्तरांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "फिटिंग नंबर एक." तपासणीला डॉक्टरीणबाईंनी सुईचं टोक टेकवलं. "इथे?" "नाही." "इथे?" "नाही." बेंबीखाली तळहाताएवढी जागा गप्प होती.

"अजून वाट पाहू," त्या म्हणाल्या. "पण मी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो. सांगितलं होतंत."

परवाच्या रविवारी, दुपारी, मी गोटीला जवळ घेतलं. "जोरात मळ आज."

"तुला दुखेल."

"नाही दुखणार. मळ तू."

मी डोळे मिटले. वाटलं, नजर मधे आली नाही तर कदाचित लागेल. तिचा श्वास ऐकू येत होता, चादर सळसळत होती. मी श्वास रोखून बेंबीखाली कान लावावा तशी थांबले. आणि लागलं. अगदी हलकं, ऊबदार, आधी डावी मूठ, मग उजवी. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. "गोटे," मी म्हटलं, "लागतंय गं मला," आणि डोळे उघडले.

गोटी माझ्याकडे पाठ करून झोपली होती. मुठीत उशीचा कोपरा होता.