डागापुढचे प्रश्नचिन्ह

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. पण मला खिडकीची काच समजू नका. मी वेधशाळेची काच. माझ्या एका अंगाला प्रकाश टिपणारा मसाला लावलेला आहे. आयुष्यात मी आकाश एकदाच पाहिले, तेही दुर्बिणीच्या पोटात बसून, जेमतेम तासभर. पण काय पाहिले म्हणून सांगू! कोट्यवधी वर्षे चालत आलेला प्रकाश माझ्यावर येऊन टेकला आणि त्याचा एक काळा ठिपका झाला. तो प्रकाश निघाला तेव्हा माणसाचा पत्ताच नव्हता. आजही आठवले की माझा ऊर भरून येतो.

तो ठिपका एका दूरच्या दीर्घिकेचा, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट वस्तीचा. तिच्या मध्यभागी एक कृष्णविवर बसले आहे. त्याच्या तोंडी जाणारा वायू तापतो, झळाळतो. कधी जास्त, कधी कमी. हे चढउतार वर्षानुवर्षे चालतात. म्हणून दरवर्षी नव्या काचेवर त्याच जागेचा फोटो घेत आणि मोजणीच्या बाई भिंग लावून ठिपका मोजत. प्रकाश जितका जास्त, तितका ठिपका मोठा.

माझ्यावरचा ठिपका नेहमीच्या दुप्पट निघाला. बाई हरखल्या. वेधशाळेच्या साहेबांनी मात्र भिंगातून पाहिल्या न पाहिल्यासारखे केले.

"अहो बाई, डाग आहे हा. मसाल्यात कचरा गेला असेल. टाका बाद काचांच्या खोक्यात."

बाईंनी मुकाट्याने माझ्या पाठीवर शाईने 'डाग' लिहिले. साहेबांची पाठ वळताच त्यापुढे एक प्रश्नचिन्ह घातले.

मग चाळीस वर्षे मी खोक्यात धूळ खात पडले. शेजारी माझी जुळी बहीण होती. त्याच रात्री, त्याच जागेच्या फोटोसाठी, माझ्यानंतर लगेच तीच दुर्बिणीत बसली होती. पण फोटो धुताना तिचा कोपरा उडाला, आणि फुटकी काच मोजायची नाही असा तिथला नियम.

एके सकाळी खोली रिकामी करायचा हुकूम आला. भंगारवाल्याची गाडी दाराशी लागली. तेवढ्यात बाईंची भाची धापा टाकत आली. ती आता स्वतः खगोलशास्त्रज्ञ. तीच दीर्घिका अचानक उजळली होती, आणि पूर्वी कधी अशी उजळली होती का, हे तिला हवे होते. मोजणीच्या वह्यांत तशी एकही नोंद नव्हती, म्हणून ती बाद काचांकडे वळली.

"ताई, आटपा की. मला अजून दोन खेपा आहेत," गाडीवाला म्हणाला.

"दादा, पाच मिनिटं. हे एवढं एकच खोकं."

तिने मला उजेडाच्या टेबलावर ठेवले. पाठ पुसायला कापूस ओला केला आणि मावशीचे अक्षर पाहून तिचा हात थांबला. तिने खोके पालथे घातले, तारखा पाहिल्या आणि माझ्या फुटक्या बहिणीला शेजारी मांडले. तिच्यावरही त्याच जागी तोच टपोरा ठिपका! दोन काचांवर कचरा काही एकाच जागी पडत नाही.

तिने तिथूनच फोन लावला. "मावशी, तो डाग नव्हता गं. दीर्घिकाच होती."

पलीकडून थकलेला आवाज आला, "फुटकीवर पण आहे का? माझंच चुकलं बघ. हाताशी होती, पण मी ती मोजलीच नाही."

भाचीने मग एकही काच भंगारात जाऊ दिली नाही; त्या दिवशी गाडी कुरकुरत रिकामीच परतली.

मित्रांनो, जुन्या काचा हलक्या हाताने हाताळा, फुटक्यासुद्धा. माझ्या पाठीवरचा 'डाग' हा शब्द भाचीने कापसाने पुसून टाकला. प्रश्नचिन्हाला तिने हात लावला नाही.