विहिरीमागचा पिंजरा

मित्रांनो, माझ्या दाराजवळ बोट नेऊ नका. स्प्रिंग गंजली असली तरी तिचा भरवसा नाही. मी एक जुना उंदराचा पिंजरा आहे. वसईच्या बाजारात एका पत्रेवाल्याने मला घडवलं आणि भुईगावच्या उर्सुलाबायने घरी आणलं. खाली लाकडी फळी, भोवती तारा, आत सुक्या बोंबलासाठी आकडा. बोंबील हलला की खटॅक! दार पडे आणि माझ्याच तारा शहारत.

लोकांना सगळे उंदीर सारखेच वाटतात. मी मात्र त्यांना त्यांच्या धडपडीवरून ओळखी. घरातला पिटुकला उंदीर अंग चोरून तारांमधून निसटे. माडावर राहणारा, अंगापेक्षा लांब शेपटीचा काळा उंदीर छताला उलटा लटके. केळीच्या बुंध्याशी बिळं करणारी घूस माझ्यात मावतच नसे. ती बाहेरूनच डुकरासारखी गुरगुरे. एकदा चिचुंद्री अडकली.

"आई, सोड ना तिला. ती उंदीर नाही, झुरळं खाते," लहानगी क्लेमेंटीन नाक दाबून म्हणाली.

"सोडते बाय, नाहीतर घरभर वास करेल!"

एका महिन्यात मी अकरा उंदीर धरले, तेव्हा शेजारचा टोनी म्हणाला, "वहिनी, मांजराला आता पेन्शन द्या!"

मग चौऱ्याण्णव साल आलं. सुरतेत प्लेग आल्याची बातमी पसरली आणि सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. उर्सुलाबायचा नवरा दूर बोटीवर नोकरीला. एके सकाळी तिला चुलीपाशी मेलेला उंदीर दिसला. माझ्यातही एक काळा उंदीर होता, जिवंत. आणि त्याच सकाळी क्लेमेंटीन तापाने फणफणली.

"कोणाला कळलं तर पोरीला उचलून नेतील," उर्सुलाबाय पुटपुटली. तिने लेकीला आतल्या खोलीत निजवलं आणि घराची दारं लावून घेतली. मला हात लावायचीही तिला भीती. काठीने ढकलत तिने मला विहिरीमागे नेलं.

तिसऱ्या दिवशी टोनीने दार ठोठावलं. "वहिनी, क्लेमेंटीन दिसत नाही?"

"लांब राहा! घरात उंदीर मरून पडलाय. पोरीला ताप आहे."

टोनीचा चेहरा उतरला. "अहो, उंदीर मारायच्या गोळ्या मीच टाकल्या होत्या कुंपणाला! तुमच्या कोंबड्या तिथे चरतात, तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही."

"मग पोरीचा ताप?"

"ते डॉक्टर सांगेल. उघडा आधी!"

त्याने दोघींना स्कूटरवरून नेलं. निघाला मलेरिया. आणखी एक दिवस दडवली असती तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

आठवड्याने क्लेमेंटीन पडवीत बसून पेज पिऊ लागली. तेव्हा तिला माझी आठवण झाली. ती भिंत धरत विहिरीमागे आली.

माझ्यातला उंदीर पहिल्या दिवशी फळी कुरतडत होता. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वासाकडे नाक काढून बसला. विहीर हातभर अंतरावर होती. त्यानंतर तो नुसता थरथरत राहिला आणि मग माझ्या तारांना ती थरथरही जाणवेना.

"आई, याला कोणी पाणीपण नाही दिलं?"

उर्सुलाबायने काठी न घेता हातानेच माझं दार उघडलं. त्या दिवसापासून तांदूळ झाकणाच्या पिंपात गेले, भिंतीतली भोकं बुजली आणि मी माळ्यावर आलो.

मित्रांनो, उंदरांना घराबाहेर ठेवा. अन्न झाका, बिळं बुजवा. विष टाकलंत तर शेजाऱ्याला सांगा. आणि घाबरून कुठलंही दार लावलंत, तर आत कोण आहे ते विसरू नका. ते खटॅक मला अजून ऐकू येतं.