गाळाच्या खड्ड्यातली बेडकं

आमचे हे, म्हणजे जिनदत्त, पाणी गाळून पितात आणि वाटेत मुंगी दिसली तरी पाऊल वळवतात. धंदा मात्र दगडाच्या खाणीचा. या दोन्हींचा मेळ कसा बसतो, हे विचारायचं मी लग्नानंतर वर्षभरातच सोडून दिलं.

शिराळ्याजवळ डोंगराच्या उतारावर आमची खाण. तिच्या खाली अंजनाचं आल्याचं रान. नवरा फौजेत, त्यामुळं सगळं ती एकटीच बघते. गेल्या पावसात खाणीतलं दगडाच्या पुडीचं पाणी तिच्या सऱ्यांत साचलं आणि आलं कुजून गेलं. ती भांडायला आली नाही, याचंच ह्यांना जास्त लागलं. यंदा ह्यांनी खाणीभोवती चर काढला आणि तिच्या बांधाच्या वर मोठा खड्डा घेतला. पाणी खड्ड्यात थांबायचं, गाळ तळाला बसायचा आणि वरचं निवळ पाणी ओढ्याला जायचं. झकास चाललं होतं.

आषाढ संपता संपता खड्डा गाळानं अर्धा भरला. पाणी उपसून गाळ काढायला हवा होता. पण पाण्यात बेडकांची पिल्लं वळवळत होती.

"चातुर्मास हाय. पंप लावला तर किती जीव जातील?" हे म्हणाले.

"आणि अंजनाचं आलं गेलं तर?" मी भडकलेच.

"पिल्लांना पाय फुटू देत, मग उपसू."

पाऊस कशाला थांबतोय! दुसऱ्या दिवशी दुपारी असा कोसळला, की खड्डा तुडुंब झाला आणि राखाडी पाणी अंजनाच्या बांधाला टेकलं. आम्ही धावत गेलो, तर ती भिजत बांधावर माती ओढत होती.

"अण्णा, यंदाबी गेलं तर मी काय करू वं?"

ह्यांनी कुदळ घेतली आणि खड्ड्याची दुसरी बाजू फोडायला लागले. त्या बाजूला खाली आमची हळद होती.

अंजना ओरडली, "आवं अण्णा, तुमची हळद जाईल की!"

"गाळ माझ्या खाणीचा हाय. माझ्याच रानात जाऊ दे."

पाणी वळलं. ह्यांची लाडकी पिल्लंही त्याच्याबरोबर हळदीत निघाली. माझा राग कुठल्या कुठं गेला आणि रडू मात्र फुटलं. ह्यांना काय, बोलून मोकळे! ती हळद मी लावली होती, एकेक कंद हातानं. तरी मी खोरं उचललं आणि फट रुंद करायला लागले.