घट्ट बिजागरी

लॅपटॉपची डावी बिजागरी चौथ्यांदा उखडली, तेव्हा गुणाजी परबांनी तो बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि लालबागहून तडक दादरच्या सर्व्हिस सेंटरची वाट धरली. माणूस सरळ, पण डोकं फिरलं की फिरलं.

गिरणी कामगारांच्या घरांचे ऑनलाइन अर्ज गिरणीतले जुने सोबती त्यांच्याकडूनच भरून घेत. अजून अकरा जणांचे बाकी होते, मुदत चार दिवसांवर आली होती, आणि हे यंत्र दर दोन महिन्यांनी आजारी.

काउंटरवरच्या माधवने गोड बोलून एक कागद पुढे सरकवला. झाकण फुकट बदलतो, आजच देतो, फक्त इथे सही करा. गुणाजींनी चष्मा लावला. ‘नुकसान वापरणाऱ्याच्या चुकीमुळे झाले आहे,’ असं छापलं होतं. सही केली की वॉरंटी संपली. माधव म्हणाला, काका, फॉर्मॅलिटी आहे, सगळेच करतात.

हे वाक्य गुणाजींच्या ओळखीचं होतं. गिरणी संपाला वर्ष उलटल्यावर मिलच्या गेटवर असाच कागद होता: चूक माझी, पुन्हा करणार नाही. सगळेच करतात, असं तिथला बाबूही म्हणाला होता. बायकोला, रमाबाईंना, तेव्हा सातवा महिना होता. गुणाजींनी सही केली, पुन्हा साच्यावर, आपल्या मागावर, उभे राहिले, आणि आठ महिन्यांत मिललाच टाळं लागलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. चाळीस वर्षं झाली, पण त्या सहीची लाज काही गेली नव्हती.

त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवला. साच्यावर कापड विणताना धागा सारखा त्याच जागी तुटला तर सूत बदलून भागत नाही, ताण बघावा लागतो, एवढं नवशिक्यालाही कळायचं. ही बिजागरी नको तितकी घट्ट होती. दर वेळी उघडताना प्लास्टिक उपटत होती. यांनी तीनदा प्लास्टिक बदललं, बिजागरीला कोणी हात लावला नाही. आणि वर चूक वापरणाऱ्याची. चोराच्या उलट्या बोंबा.

पेन घेऊन त्यांनी ती ओळ आडवी खोडली. वर लिहिलं, ‘बिजागरी घट्ट आहे. ती सैल करा.’ खाली ठसठशीत सही ठोकली.

माधवचा चेहरा उतरला. खाडाखोड केलेला कागद चालत नाही, म्हणाला. नवा फॉर्म घ्या, नाहीतर मशीन असंच घेऊन जा.

अकरा अर्ज डोळ्यांपुढे आले आणि क्षणभर गुणाजी डळमळले. मग त्यांनी भिंतीकडची खुर्ची ओढून बरोबर काउंटरसमोर मांडली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले.

“काका, किती वेळ बसणार?”

“आमचा संप अजून कोणी मागे घेतलेला नाय, बाळा,” गुणाजी म्हणाले. “मीच मधे सही करून आत गेलो होतो. आजपासून परत बाहेर.”